चार बोटं की दोन

साखरखेर्ड्याहून लव्हाळ्याकडे रस्ता जातो, त्यातला तिसरा आणि चौथा मैल कचरूचा होता. मालकीचा नव्हे. तो बांधकाम खात्यात मैलकुली होता आणि तेवढा रस्ता चालता ठेवणं हे त्याचं काम होतं. पण एस.टी.चे ड्रायव्हरसुद्धा त्या दोन मैलांना ‘कचरूचा तुकडा’ म्हणत. गाडी त्या तुकड्यावर आली की मागच्या बाकावरच्या माणसाची डुलकी मोडत नसे.

खड्डा कुणीही बुजवतो. घमेलंभर मुरूम टाकला, दोन लाथा मारल्या, झालं. पुढच्या पावसात तो खड्डा पुन्हा तोंड उघडतो. कचरू खड्डा बुजवायच्या आधी तो मोठा करायचा. टिकावाने कडा उभ्या तोडायचा, चौकोन काढायचा, तळ झाडून घ्यायचा, पाणी शिंपडायचा. मग खडी, मग मुरूम, पुन्हा पाणी, आणि शेवटी धुम्मस. धुम्मस म्हणजे लांब दांड्याचा लोखंडी ठोकळा. तो छातीपर्यंत उचलायचा आणि आपटायचा. एका खड्ड्याला साठ ठोके. पन्नासाव्या ठोक्याला हात भरून येतात आणि खड्डा बसल्यासारखा दिसतो. शेवटचे दहा ठोके सहसा कुणी मारत नाही. कचरू मारायचा.

असा माणूस घराला एक खोली जोडायला घेतो तेव्हा ती कशी बांधेल हे सांगायला नको. पण त्याच खोलीने त्याच्या सुनेची विलायतेची वाट अडवली.

कचरूची बायको लवकर गेली. मुलगी सिंधू मोठी, तिला देऊळगाव राजाला दिली. मुलगा गुलाब भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात ओतकाम शिकला. त्याचा एक सोबती आधीच विलायतेला पोचला होता. त्याने कागदपत्रं पाठवली आणि पासष्ट सालच्या मार्चमध्ये गुलाब बर्मिंगहॅमला निघाला. घरात नवी नवरी पंचफुला, सातवी शिकलेली. तिला चौथा महिना होता.

निघायच्या आधी बापलेकांचं एकदा वाजलं.

“इथीच कर ना काही,” कचरू म्हणाला. “लोखंड भुसावळलेही वितळते.”

“वितळते बाबा. पण राहू कुठी?” गुलाब म्हणाला. “या घरात मले उभं राहाले जागा आहे का? एक खोली. तुम्ही बारा महिने निंबाखाली निजता. पाऊस आला की बाज उचलून बुद्धविहारात जाता. लाज मले वाटते, तुमाले नाही वाटत.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. मातीची एक खोली, तिला पूर्वेला दार. आत शिरलं की डाव्या हाताला चूल. अंगणात निंब, निंबाला बांधलेली बकरी. एवढंच घर होतं.

गुलाब गेला. श्रावणात कोकिळा जन्मली. पंचफुला दर महिन्याला पत्र लिहायची, त्याचं पत्र आलं की मोठ्याने वाचून दाखवायची. कचरू ऐकायचा आणि कामावर जायचा. मनातलं त्याने कुणाला सांगितलं नाही. तीन वर्षं गेली. चौथ्या उन्हाळ्यात, एका इतवारी, त्याने कुऱ्हाड घेतली आणि निंबाला हात घातला.

पंचफुला धावत बाहेर आली. “मामाजी! काय करून राह्यले हो?”

“सरं पाहिजे.”

“कायची सरं?”

“धाब्याची. इथी खोली काढतो. गुलाब आला की त्याले उभं राहाले जागा.”

सरं म्हणजे धाब्याची, मातीच्या सपाट छताची, आडवी लाकडं. निंब जुना, खोड सरळ. त्यातून पाच सरं निघाली. सावली गेली, अंगण एकदम उघडं पडलं. बकरी दोन दिवस त्याच जागी उभी राहून ओरडली.

“यायले पत्रात लिहू का?” पंचफुलाने विचारलं.

“नोको.” कचरू म्हणाला. “कागदावर खोली दिसते का? तो येईन, दारात उभा राहीन, तवा पाहीन. तू एक अक्षर लिहू नोको. निंबाचंही नोको.”

तिने कबूल केलं आणि तो शब्द पाळला.

खोली बांधायला चौदा महिने लागले, कारण दिवसभर रस्ता होता. पहाटे दोन तास आणि दिवेलागणीच्या आधी दोन तास, एवढंच हाताशी. गावाबाहेरून पांढरी माती आणायची. तिच्यात गव्हांडा, म्हणजे गव्हाचं बारीक भूस, घालायचं. पाणी सोडायचं आणि पायाने तुडवायचं. कच्च्या तुडवणीची भिंत पावसाळ्यात सोलते. पंचफुला तुडवायची. मातीतला बारीक खडा तळपायाला कळला पाहिजे, तो वेचून फेकला पाहिजे, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती गोळे करून खालून द्यायची, कचरू वर बसवायचा. एका वेळी हातभर उंचीचा थर. तो वाळल्याशिवाय वरचा नाही.

पूर्वेची भिंत सात हात झाली. कचरूने वरच्या कडेला खुंटी ठोकली, सुतळीला गोल दगड बांधला आणि खाली सोडला. दगड थांबला. कचरू उतरून आला, पायापाशी उकिडवा बसला आणि सुतळी आणि भिंत यांच्या फटीत बोटं घातली.

“चार बोटं,” तो म्हणाला. “बाहेर कलली. पाडा लागते.”

पंचफुला मातीने भरलेल्या हातांनी तिथेच उभी होती. तिनेही फटीत बोटं घातली. “कायची चार? दोन आहेत, मामाजी. दोन बोटांनं काय होते? लिंपलं की कोनाले दिसन?”

“मले दिसन.”

“तुमाले दिसन म्हणून आमी काय रोज माती वाहाची?”

“हाव.”

बावीस दिवसांची भिंत त्याने एका सकाळी पाडली. पंचफुला दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंड फिरवायची. कोकिळाच्या हातून निरोप चालले. “आई म्हंते, भाकर झाली.” “सांग तुझ्या आईले, येतो म्हनाव.” तिसऱ्या दिवशी पहाटे कचरू माती भिजवायला गेला, तर पंचफुला आधीच पदर खोचून आळ्यात उभी होती. गुडघाभर चिखल तुडवत होती. कचरूने घागर उचलली आणि तिच्या पायांशी पाणी सोडलं.

दुसरी भिंत उभी राहिली ती सुतळीला चिकटून.

खोली झाली आणि घर फिरलं. निंबाच्या जागेवर खोली आल्याने जुनं पूर्वेचं दार आतलं दार झालं. नवं दार उत्तरेला, गल्लीकडे काढलं. चूल मागच्या कोपऱ्यात नेली. नव्या खोलीत कुणी राहायचं नाही, असं कचरूने ठरवलं. ती सारवायची, झाडायची आणि कडी लावायची. पंचफुला आणि कोकिळा जुन्या खोलीत निजायच्या. कचरू निंब नसलेल्या अंगणात निजायचा. पाऊस आला की पहिल्यासारखी बाज उचलून विहारात जायचा.

“खोली असून बाहेर काऊन निजता हो?” पंचफुला म्हणायची.

“माही नाही ते.”

आणि एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर गुलाबचं पत्र आलं. रोजच्या पत्रापेक्षा जाड होतं. पंचफुलाने पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि पुढे तिचा आवाज आपोआप लहान झाला. गुलाब येणार नव्हता. त्याने दोन खोल्यांचं बिऱ्हाड घेतलं होतं. पंचफुला आणि कोकिळा यांना तिकडे न्यायचे कागद त्याने दिले होते. मुंबईला विलायतेच्या कचेरीत तिला प्रश्न विचारतील, तेवढं झालं की परवाना.

कचरूने पत्र हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “पोरीनं बापाचं तोंड पाह्यलं पाहिजे.”

जानेवारीत तिघं मलकापूरहून गाडीने मुंबईला गेले. रस्ताभर कचरू सुनेला एकच गोष्ट सांगत होता. “विचारतील तेवढंच सांगजो. खरं सांगजो. वरतं एक शब्द नोको.” ती मान डोलवत होती. कचेरीत त्याला बाहेर बसवलं. ती कोकिळाला घेऊन आत गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली.

“कसं झालं?”

“समदं खरं सांगतलं. विचारलं तेवढंच.”

एप्रिलात नकार आला. पोस्टमन रंगराव मॅट्रिक झालेला होता, इंग्रजी कागद लावून वाचायचा. तो ओट्यावर बसला, चष्मा पुसला आणि बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिला.

“कचरूभाऊ, गुलाबनं तिकडे लिहून देल्लं का घरात खोली एक. बाईनं इथी सांगतलं दोन. तो म्हंते दार पूर्वेले, बाई म्हंते उत्तरेले. तो म्हंते चूल डाव्या अंगाले, बाई म्हंते मागच्या कोपऱ्यात. तो म्हंते अंगणात निंब आहे, बाई म्हंते झाड नाही.” रंगरावाने चष्मा काढला. “एकही गोष्ट जुळत नाही भाऊ. त्यायचा समज असा झाला का ही बाई या घरची नाहीच.”

पाच वर्षांची कोकिळा दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, “मंग आपण कोनाच्या घरचे हो, आबा?”

रंगरावाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. पंचफुला कोकिळाला उचलून आत गेली.

खरं सांगायचं तर कचरूला आधी बरं वाटलं. पोरगी इथेच राहील, सून इथेच राहील, सांजेला कामावरून आल्यावर दारात कुणी असेल. एक विडी ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्याला हे बरं वाटलं. मग आतून भांडी घासायचा आवाज आला. घासलेली भांडी पंचफुला पुन्हा घासत होती. त्याला समजलं की पाच वर्षं या बाईने कधी कपाळाला हात लावला नाही, आणि आज तिला नवरा भेटायचा तर मधे उभी होती ती त्याने स्वतः उभी केलेली भिंत. निंबही त्यानेच तोडला, पत्रात लिहू नको हेही त्यानेच सांगितलं, आणि विचारतील तेवढंच सांग हेही त्याचंच.

तो उठला. कोपऱ्यातली पहार घेतली आणि नव्या खोलीच्या भिंतीपाशी गेला.

पंचफुला ओल्या हातांनी बाहेर आली आणि पहारीच्या आडवी उभी राहिली.

“काय करता?”

“पाडतो. जसं होतं तसं करतो.”

“पाडून निंब येते का, मामाजी?”

कचरूची पहार तशीच राहिली.

“एकदा पाडली ते पाडली,” ती म्हणाली. “आता नाही पाडू देणार मी. बावीस दिवस तुडवली होती मी ते. पाय पाह्यले का माहे?”

तिने पहार त्याच्या हातातून घेतली आणि होती तिथे नेऊन ठेवली. मग कागद आणि दौत आणली आणि जमिनीवर बसली. “सांगा. यायले आता समदं लिहाचं.”

कचरू भिंतीला टेकून बसला. “लिही,” तो म्हणाला. “निंब मी तोडला.”

तिची लेखणी अडली. मग चालली. पुढे त्याने फारसं सांगितलं नाही, तिनेच लिहिलं. पत्र दोन पानं झालं.

गुलाबचं उत्तर दीड महिन्याने आलं. त्याने पुन्हा अर्ज केला होता आणि या वेळी बापालाही विचारा असं लिहून दिलं होतं. शेवटी एवढंच होतं: ‘निंब तोडायला नको होता बाबा. खोलीत उजेड किती येतो?’ कचरूने ती ओळ पंचफुलाकडून तीन वेळा वाचून घेतली. “लिही,” तो म्हणाला. “सकाळी चांगला येते.”

नोव्हेंबरात पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आधी कचरूला आत नेलं. टेबलामागे गोरा साहेब, बाजूला दुभाषी बाई. ती पुण्याकडची असावी. सुती साडी, केस घट्ट बांधलेले.

“आजोबा, बसा,” ती म्हणाली. “घाबरू नका.”

“घाबरून नाही राह्यलो. उभ्यानं बरं वाटते.”

साहेबाने विचारलं, बाईने सांगितलं: “तुमच्या मुलाला पाच वर्षांत घर बदललेलं कळलं कसं नाही?”

“म्या सांगू देल्लं नाही.”

“का?”

कचरूने टोपी काढली, हातात धरली. “जाताना तो म्हनला होता, बाबा, या घरात मले उभं राहाले जागा नाही. बरोबर म्हनला होता. म्हणून जागा केली. आधी सांगतली असती तर म्हनला असता, छान झालं, पैसे पाठवू का. मले पैसे नव्हते पाहिजे. मले तो पाहिजे होता.”

बाईने साहेबाकडे तोंड करून हे इंग्रजीत सांगितलं. सांगताना ती मधे एकदा थांबली.

“खोली कशी बांधली ते सांगा.”

हा प्रश्न कचरूला आजवर कुणी विचारला नव्हता. तो बसला. त्याने माती कुठून आणली, गव्हांडा किती घातला, एका थराला किती दिवस ऊन दिलं, सरं कशी तासली, सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात तो एवढं कधी बोलला नव्हता. बाई दोनदा म्हणाली, “आजोबा, थोडं सावकाश.” पूर्वेची भिंत पाडली तिथे तो आला, तेव्हा साहेबाने लेखणी खाली ठेवली.

“बांधलेली भिंत पाडली? का?”

“कलली होती.”

“किती?”

“चार बोटं.” कचरूने हात पुढे केला. साहेब त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्या बोटांकडे पाहत राहिला. सगळ्या बोटांना घट्टे होते.

“सून काय म्हणाली?”

“दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माह्या आधी चिखलात उतरली.”

त्याला बाहेर पाठवलं आणि पंचफुलाला आत घेतलं. दोघांना दारात एकमेकांशी बोलू दिलं नाही. कचरू बाकावर कोकिळाला मांडीवर घेऊन बसला. घड्याळाचा काटा दिसत होता. पाऊण तास झाला. मागच्या वेळी अर्धा तास लागला होता. जास्त वेळ म्हणजे चांगलं की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

पंचफुला बाहेर आली ती पदराने तोंड पुसत. मागून दुभाषी बाई आली.

“काय झालं माय?” कचरू उठला.

“मले विचारलं, खोली कशी बांधली. म्या सांगतलं. मंग विचारलं, भिंत किती कलली होती.”

“मंग?”

“दोन बोटं.”

“दोन? चार होती ना पोरी! म्या चार सांगतली!”

“तुमी चार सांगतली असतील. दोन होती.”

“आता गेलं समदं,” कचरू म्हणाला.

दुभाषी बाई तिथेच उभी होती. ती हसली. “आजोबा, तिनं साहेबांना सांगितलं, ‘मामाजींना विचाराल तर चार म्हणतील. ते नेहमी जास्तच मोजतात. मी हात घालून पाहिलं होतं, दोनच होती. दोन बोटांसाठी बावीस दिवसांची माती पाडली.’ आणि हे सांगताना ती साहेबांवर चिडली, जशी काही त्यांनीच पाडली. साहेब म्हणाले, पाठ करून आलेली माणसं एकच आकडा सांगतात. कागद घरी येईल. जा आता.”

कागद यायचा होता, पण तिघांना कळलं होतं. मुंबईपासून मलकापूरपर्यंत त्या गाडीत दुसरा विषय निघाला नाही.

“म्या बसून मोजली,” कचरू म्हणायचा.

“म्याही मोजली. माही काय बोटं नाहीत?”

“तीस वर्षं मोजमाप करून राह्यलो मी.”

“करा ना. दोन होती.”

समोरच्या बाकावरचा एक म्हातारा प्रवासी भुसावळपर्यंत ऐकत होता. उतरताना त्याने विचारलं, “पण भिंत आहे तरी कुठी?” कचरू म्हणाला, “पाडली.” म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला आणि उतरून गेला.

परवाना पौषात आला. फेब्रुवारीत जायचं ठरलं. सिंधूचा नवरा महादेवराव त्यांना मुंबईपर्यंत पोचवणार होता. कचरू मुंबईला येणार नव्हता.

“काऊन नाही येत?” पंचफुलाने विचारलं.

“चिखलीची गाडी माह्या तुकड्यावरून जाते. मी तिथीच उभा राहीन.”

तिने जुनी खोली सारवली, नवी खोली सारवली. डब्यांत पीठ, मीठ, मिरची भरली आणि कोणता डबा कशाचा हे हात लावून दाखवलं. कचरूला ते सगळं आधीच माहीत होतं, तरी त्याने प्रत्येक डबा उघडून पाहिला.

निघायच्या आधीचे सहा दिवस कचरू अंधार पडेस्तोवर रस्त्यावर होता. त्याने दोन मैलांतला एकूण एक खड्डा तोडला, चौकोन केला, भरला. प्रत्येकाला साठ ठोके. खात्याचा मिस्त्री सायकलवरून आला आणि म्हणाला, “काऊन बे कचरू, कोनी मंत्री येऊन राह्यला का?” कचरू म्हणाला, “हाव.” आणि धुम्मस उचलली.

निघायच्या दिवशी सकाळी घरातून जयभीम करून पंचफुला आणि कोकिळा गाडीतळाकडे गेल्या आणि कचरू उलट्या बाजूने, चालत, आपल्या तुकड्यावर. तिसऱ्या मैलाच्या दगडाशी तो धुम्मस टेकवून उभा राहिला. गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा होता. गाडी अगदी हळू झाली, पण थांबली नाही, कारण थांबवू नका असं कचरूनेच सांगून ठेवलं होतं. खिडकीतून कोकिळाचं डोकं बाहेर आलं. “आबा! आबा!” तिच्यामागे पंचफुलाचा चेहरा. तिचे डोळे भरले होते. तिने हात बाहेर काढला आणि दोन बोटं दाखवली.

कचरूने चार दाखवली.

गाडी पुढे गेली. तुकडा संपेपर्यंत तिला एक हिसका बसला नाही. चौथ्या मैलाच्या पुढे, दुसऱ्याच्या हद्दीत, ती पहिल्यांदा उसळली. तेवढ्यापर्यंत कचरू पाहत होता. मग त्याने फावडं घेतलं आणि कडेचं गवत काढायला लागला.

घर रिकामं झालं. कचरू सकाळी भाकर करून जायचा, सांजेला उरलेली खायचा. जुन्या खोलीत दोघींचा वास होता, म्हणून तिथे तो बसत नसे. नवीला कडी होती. बाज अंगणातच.

एप्रिलमध्ये चौथ्या मैलातल्या मोरीची बाजूची भिंत पाहायला मिस्त्रीने सांगितलं. पाणी जायला रस्त्याखालून जो बोळ ठेवतात ती मोरी. तिची दगडी भिंत मागच्या पावसात बाहेर झुकली होती. कचरूने वरून सुतळी सोडली, खाली उकिडवा बसला आणि फटीत बोटं घातली. पाच. आकडा सांगायला तो उठला. गुडघे दुखत होते, म्हणून उठताना त्याने भिंतीला हात टेकला आणि उभं राहिल्यावर तो हात छातीच्या उंचीवर सुतळीमागे गेला. तिथे दोन बोटं मावली. तिसरं मावेना.

तो तसाच उभा राहिला.

वरून सोडलेली सुतळी वरती भिंतीला टेकलेली असते आणि खाली येईल तशी फट वाढते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं ठाऊक होतं. पंचफुलाने उभ्याने मोजलं होतं, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो बसला होता. ती गोळा देऊन उभी होती, तशीच तिने हात घातला होता.

“किती आहे बे?” मिस्त्रीने वरून विचारलं.

“कुठून पाहाचं त्यावर आहे,” कचरू म्हणाला.

“म्हंजे?”

“पाच. पाडा लागते.”

त्या दिवशी तो कामावरून घरी न जाता सरळ पोस्टात गेला. रंगराव थैली बंद करत होता.

“एक विलायतेचं पत्र लिहा, रंगराव.”

रंगरावाने निळा कागद काढला. “सांगा.”

“पंचफुलाले लिहा. तुही दोन बोटं बरोबर होती. तू उभी होती. मी बसलो होतो.”

रंगरावाने लिहिलं आणि मान वर केली. “पुढे?”

कचरू विचार करत होता. खिडकीतून पोस्टाचं अंगण दिसत होतं. तिथे कुणी तरी निंबाचं रोप लावलं होतं, भोवती काट्या रोवल्या होत्या.

“लिहा,” तो म्हणाला. “भिंत तरी पाडाच लागत होती.”

रंगराव हसला आणि लिहिलं. “झालं?”

“नाही. गुलाबले लिहा. आजपासून नव्या खोलीत मी निजतो. मातीच्या घरात कोनी निजलं नाही तर घूस लागते, भिंत खचते. तुमी या तोवर मी सांभाळतो. आले की बाज बाहेर काढीन.”

रंगरावाने तेही लिहिलं. मग पत्ता लिहायला लागला. तो लांब होता आणि त्यातलं एकही अक्षर कचरूला कळत नव्हतं. तरी तो पत्ता पूर्ण होईपर्यंत तो टेबलाशी उभा राहिला. मग कागद स्वतः दुमडला, कडेला कड लावून, आणि डिंकाच्या पट्टीवर अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाब दिला. आणि परत एकदा दिला.